शाफ्ट सरळ होता

तांडेलानं फोनवर नमस्कारसुद्धा नीट घेतला नाही. "मिस्त्री, तुमचा शाफ्ट वाकडा हाय. इंजिन मिनिटाला सोळाशे फेऱ्यांच्या वर नेलं की अख्खी बोट थरथरते. गिऱ्हाइकाच्या हातातला चहा सांडतो."

उद्यमबागेत लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला कुठलीही शिवी परवडते, पण 'शाफ्ट वाकडा' ऐकून घेववत नाही. बेळगावला समुद्र नसला तरी क्रँकशाफ्टसाठी इथल्या कारखान्यांचं नाव लांबवर आहे. पंपाचे, ट्रॅक्टरचे, कॉम्प्रेसरचे शाफ्ट आमच्याकडं रोज चकवर चढतात. बोटीचं काम मात्र पावसाळ्यातच येतं. १ जून ते ३१ जुलै कर्नाटकच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा बोटी ओढून वर काढतात आणि रंग, इंजिन, पंखा, शाफ्ट सगळं त्या दोन महिन्यांत उरकून घेतात.

हा तांडेल कारवारचा. पूर्वी जाळं टाकायचा, आता बत्तीस फुटी फायबरची बोट घेऊन हौशी गळवाल्यांना दिवसभरासाठी दर्यावर नेतो. जूनमध्ये त्याचा जुना शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारा दांडा, आमच्याकडं आला, तेव्हा बेअरिंगच्या जागी नख अडकेल एवढी चर पडली होती. आम्ही ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसमधून नवा काढला. व्यास ४५ मिलिमीटर, लांबी आठ फूट. व्ही-ब्लॉकवर ठेवून वाकडेपणा मोजायचा डायल लावला तर काटा दीड थाऊच्या पुढं सरकला नाही. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एवढ्या लांब शाफ्टला दीड थाऊ म्हणजे देवाला दाखवावा असा जॉब. तो आकडा जॉबकार्डवर सहीनिशी लिहिलेला होता, तेव्हा मी ऐकून घेणार नव्हतो.

"मग येऊन बघा की," तांडेल म्हणाला. "शनिवारी दिवसभराचं गिऱ्हाईक हाय, तुमच्या बेळगावचंच. त्यांच्याच गाडीतनं या."

आदल्या दुपारी निघालो. खानापूर, रामनगर, जोयडा आणि मग अणशीचा घाट. गाडीत माझ्याशिवाय तिघं होते. मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार, शहापूरचे एक साडीवाले शेठजी आणि शेठजींचा कॉलेजात जाणारा भाचा. नाद सुभेदारांचा आणि भाच्याचा. शेठजी माळकरी, गळ्यात तुळशीची माळ. बहिणीनं पोराला एकटं पाठवायला नकार दिला म्हणून आलेले. मांडीवर कुंद्याचा डबा. "दर्यावर मासे सोडून दुसरं काय खायला मिळणार? आपलं आपण घेतलेलं बरं," हे त्यांनी खानापूरपासून कारवारपर्यंत अधूनमधून सांगितलं. माझ्या पिशवीत फिलर गेज म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, मॅग्नेटिक स्टँड, डायल आणि पान्यांचा सेट. सुभेदारांनी पिशवी उचलून बघितली आणि म्हणाले, "मिस्त्री, तुमची गळ आमच्यापेक्षा जड हाय."

पहाटे बैतखोल बंदरात अंधारातच बर्फ चढत होता. तांडेलानं आधी सगळ्यांच्या अंगात लाईफ जॅकेट घातली आणि पट्टे स्वतः ओढून बघितले. शेठजींना ते जाकीट उकडत होतं, पण त्याबाबतीत तांडेल कुणाचं ऐकत नव्हता. जानेवारी २०१९ मध्ये कूर्मगडच्या नरसिंहाच्या जत्रेहून परतणारी होडी इथंच उलटली आणि सोळा जणांचा जीव गेला. बंदरातल्या कुणाला त्याबद्दल विचारावं लागत नाही. जाकीट काढायला बघितलं की माणसं आपण होऊन सांगतात.

मतलई वारा सुटलेला होता, म्हणजे जमिनीकडून दर्याकडं, आणि पाणी सपाट. बंदराबाहेर पडताना तांडेलानं दक्षिणेकडं हात केला. "तिकडं नेव्ही. तिकडं आपण बघायचंसुद्धा नाही." मग सुकाणू पश्चिमेला.

मी इंजिनावरचं झाकण उघडून शेजारी उकिडवा बसलो. बाराशेपर्यंत काही तक्रार नाही. सोळाशेला गुणगुण सुरू झाली. अठराशेला पायाखालची फळी कापायला लागली आणि शाफ्ट जिथं बोटीच्या पोटातून बाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून पाण्याची बारीक धार लागली. ग्लँडनं चालू शाफ्टवर मिनिटाला थोडे थेंब गाळायचेच असतात. आतलं पॅकिंग त्यानंच थंड राहतं. पण धार लागली म्हणजे शाफ्ट आत जागा सोडून हलतो आहे. इथवर तांडेलाचं खरं होतं. फक्त वाकडा शाफ्ट वेग वाढायची वाट बघत बसत नाही. तो हातानं फिरवतानाही डायलवर सापडतो. म्हणून मी म्हटलं, "कुठंतरी आडोशाला नांगर टाका, मग बोलतो."

"आधी गिऱ्हाईक," तांडेल म्हणाला, आणि ते रास्तच होतं.

किनारा धूसर झाल्यावर त्यानं वेग उतरवला आणि चार गळ मागं सोडले. बोट संथ चालते आणि मागं वीतभर लांबीचे रंगीत खोटे मासे पाण्यात पळत राहतात. बाराशेच्या आतलं काम, त्यामुळं थरथर नाही, आणि मला बघायला वेळच वेळ. सुभेदारांनी रीळ हातात दिलं तेव्हा मी तासभर तेच न्याहाळत बसलो. आत एकावर एक ठेवलेल्या चकत्या, एक धातूची, एक घर्षणाची. ठरावीक ताणापर्यंत धरतात, त्यापुढं घसरून दोरी सोडतात. म्हणजे सरळसरळ क्लच. नुसत्या अंदाजानं नॉब फिरवलेलं सुभेदारांना चालत नाही. त्यांनी पिशवीतून ताणकाटा काढला, दोरीच्या टोकाला अडकवला, भाच्याला ओढायला लावलं आणि दोरी तुटते त्याच्या तिसऱ्या हिश्शावर रीळ घसरायला लागेल असं बसवलं. मग परत मोजलं. आमच्याकडचे दोन-चार फिटर या माणसाच्या हाताखाली महिनाभर ठेवावेत असं वाटलं.

पण मासा काही लागेना. दहाच्या सुमाराला वारा पडला, ऊन चढलं आणि शेठजींचा कुंदा बाहेर आला. तो शेठजींनी वाटला, पण स्वतः खाल्ला नाही. त्यांचा चेहरा फिका पडला होता आणि ते डोळे मिटून विठ्ठल विठ्ठल करत होते. खलाशानं त्यांना मधोमध बसवलं, लांब क्षितिजाकडं बघायला सांगितलं आणि आल्याचा तुकडा चघळायला दिला. इंजिनाच्या धुराजवळ बसू नका, हे मात्र त्यांना माझ्यामुळं जमेना. ते सारखे येऊन विचारायचे, "झालं का मिस्त्री? सापडलं?"

दुपारी देवगड बेटाच्या आडोशाला नांगर पडला. वर दीपगृह, खाली कालवांनी भरलेला खडक. गळवाल्यांनी बांगड्याचे तुकडे लावून दोऱ्या तळाला सोडल्या आणि इंजिन माझ्या ताब्यात आलं.

फायबरला मॅग्नेट चिकटत नाही. म्हणून स्टँड गिअरबॉक्सच्या बिडावर बसवला, डायलचं टोक गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या मागं शाफ्टवर टेकवलं आणि खलाशाला कपलिंग हातानं हळूहळू फिरवायला सांगितलं. बोट डोलत होती, पण गिअरबॉक्स, शाफ्ट आणि डायल एकत्रच डोलत होते, त्यामुळं काटा शहाण्यासारखा वागला. पूर्ण फेऱ्यात दोन थाऊ. तांडेलाला बोलावून परत एकदा फिरवून दाखवलं. शाफ्ट सरळ होता.

"मग थरथरतं काय?"

"कपलिंग कधी जुळवलं?"

"बोट वर असतानाच. फिटरनं पाती घालून बघितलेलं. एकदम चोख होतं, मी उभा होतो तिथं."

चोख असणारच. बोट वर ओढली की ती चार-सहा ठोकळ्यांवर उभी असते आणि वजन त्या ठोकळ्यांवर येतं. पाण्यात गेली की तेच वजन पाणी सगळ्या बुडाला मिळून तोलतं. त्यात डिझेल भरलं, बर्फ चढला, माणसं चढली, की बुडाचा आकार बसल्या जागी बदलतो. डोळ्याला दिसत नाही, पण कपलिंगला कळतं. बोटीचं कपलिंग म्हणून शेवटचं जुळवायचं ते पाण्यातच, बोट उतरवून एखादा दिवस बसू दिल्यावर. आमची सवय बिडाच्या बेडची. लेथचा बेड सकाळी जिथं असतो तिथंच संध्याकाळी असतो. फिटरचं मोजमाप खरं होतं, बोट त्यानंतर बदलली.

तांडेलानं एक अट घातली. बोल्ट ढिले करायचे, काढायचे नाहीत. खडकाजवळ नांगरलेल्या बोटीत शाफ्ट मोकळा सोडायला तो तयार नव्हता आणि मीही नसतो झालो. चारही बोल्ट दोन-दोन फेरे ढिले केले आणि दोन तबकड्यांच्या मधल्या फटीत फिलरची पाती घातली. वर फट नाहीच. बाजूंना सात थाऊ. खाली चौदा. पाच इंची कपलिंगला पाच थाऊ चालून जातात, साधारण इंचाला एक असा हिशेब. चौदा म्हणजे प्रत्येक फेऱ्याला शाफ्ट वाकवून सरळ केला जात होता. इंजिन ज्यांवर बसतं त्यातले पुढचे माउंट खाली घ्यायला हवे होते, म्हणजे इंजिनाचं नाक उतरलं असतं.

मी पहिल्या माउंटच्या नटाला पाना लावला आणि वर आरडाओरडा झाला.

सुभेदारांच्या गळाला काहीतरी लागलं होतं, आणि ते लहान नव्हतं. दांडी पाण्यापर्यंत वाकली होती, रिळातली दोरी करकरत सुटत होती. तांडेलानं दोरीची दिशा बघितली आणि ओरडला, "गोबरो! खडकात शिरतोय!" हा मासा खडकातल्या बिळात राहतो. लागला की पहिल्या झटक्याला घराकडं पळतो, आणि एकदा आत शिरला की बाहेर येत नाही. अशा वेळी नांगराची दोरी बोया बांधून सोडून द्यायची आणि बोट खडकापासून लांब ओढायची, म्हणजे मासाही ओढला जातो. खलाशी नांगराकडं धावला. तांडेलानं स्टार्टरवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

मी मान हलवली. चार बोल्ट ढिले होते.

"किती वेळ?"

"पाच मिनिटं."

"मासा पाच मिनिटं थांबतो होय?"

सुभेदारांनी इंजिनाकडं बघितलंसुद्धा नाही. पाय रोवून, दांडी पोटाला लावून ते जेवढं ओढता येईल तेवढं ओढत राहिले. दोनदा दोरी परत आली, तिसऱ्यांदा गेली ती गेलीच. मग सगळा ताण एकदम सुटला आणि ते मागं बसले. दोरी वर घेतली तर शेवटचा हातभर भाग कानशीनं घासल्यासारखा खरखरीत झालेला. कालवांनी कापली होती. कुणी काही बोललं नाही. शेठजींनी तेवढं सकाळपासून पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. "सुटला बिचारा," ते म्हणाले. भाच्यानं मामाकडं असं बघितलं की मी परत इंजिनात डोकं घातलं.

एकेका नटाला अर्धा फेरा, मग परत पाती. अर्धा फेरा, परत पाती. वायव्येचा वारा सुटून बोट जास्त डोलायला लागली होती आणि डिझेलचा वास नाकात बसला होता. चौदाचे नऊ झाले, नऊचे सहा, सहाचे चार. चारवर थांबलो. डोलणाऱ्या बोटीत त्याच्या पुढं जाणं म्हणजे फिलरला खोटं बोलायला लावणं. बोल्ट आवळले, तांडेलानं नांगर उचलला आणि इंजिन सुरू केलं. सोळाशे. अठराशे. ग्लँडची धार तुटून थेंबांवर आली. खलाशानं काही न बोलता स्टीलच्या पेल्यात चहा ओतून झाकणावर ठेवला. पेला जागचा हलला नाही. दोन हजारला मात्र एक बारीक भिरभिर उरलीच होती, आणि तिचा आवाज वेगळा होता, ठेका धरल्यासारखा. मी तांडेलाला म्हटलं, "हा पंखा. एखाद्या पात्याला कुठंतरी टवका गेलेला असणार."

"असेल. ऑक्टोबरात एक ओंडका लागलेला."

हे त्यानं फोनवर सांगितलं नव्हतं.

परतताना वेग उतरवून पुन्हा खोटे मासे सोडले आणि बंदर दिसायला लागलं असताना भाच्याच्या दांडीला इस्वण, म्हणजे सुरमई, लागली. ही खडकात जात नाही, सरळ धावते. लांब, चंदेरी, अंगावर पुसट पट्टे. दोनदा बोटीजवळ येऊन परत पळाली. भाच्याचे हात थरथरत होते आणि सुभेदार मागं उभे राहून एकच सांगत होते, "ओढू नको, धर. तिला पळू दे." आत आल्यावर सकाळच्याच ताणकाट्यावर लावली. साडेपाच किलो. शेठजी तोंड फिरवून बसले होते, पण वजन किती झालं ते त्यांनीच पहिल्यांदा विचारलं.

बंदरात मी मजुरीचं बोललो तेव्हा तांडेल म्हणाला, सुभेदारांच्या गोबऱ्याचे कापून घ्यावे लागतील. मी म्हटलं, घ्या, पण मग शाफ्ट वाकडा म्हणून गावभर सांगितलंत त्याचेही माझ्या बाजूला लावा. शेवटी त्यानं पूर्ण पैसे दिले आणि वर अर्धी टोपली बांगडे. पंखा काढून बेळगावला पाठवा, पाती घासून बॅलन्स करून देतो, असंही सांगितलं. तो म्हणाला, आता बोट वर निघणार ती जूनमध्येच. तोवर अठराशेच्या वर नेऊ नका, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

सुभेदारांनी तिथंच उभ्याउभ्या डिसेंबरमधली तारीख धरली. आगाऊ पैसे मोजताना तांडेलाला म्हणाले, "माणसं तीच. फक्त ही जड पिशवी बंदरावरच ठेवायची."