नाथांच्या दिंडीतला एक वाद

ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून निघालेली नाथांची पालखी शेवगाव-पाथर्डीचा भाग ओलांडून बीड जिल्ह्यात शिरते. २०२३ साली पाऊस लांबला होता आणि बालाघाटाची माळराने जूनमध्येही तापलेली होती. आळंदी-देहूच्या सोहळ्यांइतकी गर्दी आणि कॅमेरे इकडे नसतात, त्यामुळे ‘भानुदास-एकनाथ’चा गजर थांबला की चालता चालता बोलायला निवांतपणा मिळतो, आणि त्या वारीत मला तो हवा होता. समलिंगी विवाहाच्या याचिकांवरील सुनावणी नुकतीच संपून सर्वोच्च न्यायालयाने निकाल राखून ठेवला होता. मी समलिंगी आहे आणि माळकरीही आहे. यांपैकी एक काहीतरी सोडून दे, असे मला दोन्ही बाजूंच्या लोकांनी सुचवून झालेले आहे.

रायमोह्याच्या मुक्कामी कीर्तनाला उभे राहिलेल्या महाराजांनी हा विषय काढला. पुरुषाने पुरुषाशी लग्न लावणे हे कलियुगाचे लक्षण असून संतांच्या भूमीत ते चालू देऊ नये, असे ते म्हणाले आणि मंडपात हशा पिकला. दुसऱ्या दिवशी पाटोद्याच्या वाटेवर मी त्यांना गाठले. वारीच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांच्या पाया पडलो, तेही माझ्या पाया पडले, आणि मग मी त्यांना सांगितले की, काल ज्यांच्यावर मंडप हसला त्यांपैकी मी एक आहे. बराच वेळ ते टाळ हातात धरून नुसते चालत राहिले.

“माउली, तुमच्यावर राग नाही,” ते शेवटी म्हणाले, “पण हे शास्त्रात बसत नाही.”

अशा वेळी आमच्यातले पुष्कळ जण मोहिनी आणि शिखंडी यांच्या कथा पुढे करतात. मला ती रीत पटत नाही, कारण माझे हक्क पुराणात एखादी कथा सापडण्यावर टांगले, तर उद्या दुसरी कथा दाखवून कोणीही ते काढून घेईल. मात्र नाथांचे नाव घेत चालणाऱ्याशी नाथांच्या आधारे बोलता येते. श्राद्धासाठी रांधलेले अन्न त्यांनी अस्पृश्यांना जेवू घातले आणि गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारे महाराचे पोर कडेवर घेतले, या कथा महाराज स्वतःच कीर्तनात सांगतात. त्यांतले काय तेव्हाच्या पैठणच्या ब्रह्मवृंदाला शास्त्रात बसणारे वाटले होते? भागवत मराठीत आणले म्हणून आक्षेप झाले. संस्कृत वाणी देवाने केली तर प्राकृत काय चोरांपासून झाली, हा नाथांचा सवाल त्याच ग्रंथातला आहे. मी महाराजांना विचारले की, तुमची ओढ देवाने निर्माण केली असेल, तर माझी कोणी केली?

त्यांचे उत्तर मला अजून आठवते, कारण ते पोकळ नव्हते. “नाथांनी पंगतीला घेतले, सोयरीक नाही लावली.”

मी म्हणालो की, सोयरीक आम्ही तुमच्याकडे मागतच नाही. मागणी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालची आहे; तिथे तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात, मंगलाष्टके लागत नाहीत. धर्मांच्या व्यक्तिगत कायद्यांत शिरणार नसल्याचे न्यायालयाने सुनावणीच्या आरंभीच स्पष्ट केले होते. तरीही जमियत उलमा-ए-हिंद आणि अखिल भारतीय संत समिती याचिकांच्या विरोधात एकाच बाजूला उभ्या राहिल्या. (एरवी या दोघांचे एकमत झाल्याचे मी तरी ऐकलेले नाही.) ज्या लग्नात महाराजांचा मंत्र नाही, त्याला त्यांनी नकार कोणत्या नात्याने द्यायचा? मागून डोक्यावर तुळस घेऊन येणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, “द्या की उत्तर, महाराज.” ते हसले, पण उत्तर त्यांनी दिले नाही. खर्ड्याच्या मुक्कामी ते पुन्हा कीर्तनाला उभे राहिले, तेव्हा हा विषय निघाला नाही.

१७ ऑक्टोबर २०२३ ला निकाल लागला आणि त्यांचा फोन आला की, न्यायालयानेही तेच म्हटले ना? तेच म्हटलेले नव्हते. विवाह हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही आणि कायदा करणे हे संसदेचे काम आहे, असे पाचही न्यायमूर्तींनी म्हटले. धर्माला चालत नाही म्हणून नको, असे कोणी म्हटले नाही. जोडप्यांच्या रोजच्या अडचणींसाठी सरकार समिती नेमेल, हेही निकालात नोंदले गेले, आणि २०२४ मध्ये केंद्राने अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एका कुटुंबातले धरावे व त्यांना संयुक्त बँक खाते उघडता यावे, अशा सूचना काढल्या.

२०२५ च्या नाथषष्ठीला पैठणमध्ये भेट झाली, तेव्हा मी त्यांना हे सांगितले. “रेशनकार्डाला माझी हरकत नाही,” ते म्हणाले, “लग्नाला आहे.” मी विचारले की, एका शिधापत्रिकेवर एका कुटुंबाची म्हणून नोंदली गेलेली ती दोन माणसे एकमेकांची कोण लागतात? त्यावर त्यांनी मला पुन्हा सोयरिकीचा मुद्दा ऐकवला आणि आम्ही पुन्हा १९५४ च्या कायद्यावर आलो.