खालून आलेला वारा आणि पुढच्याने खाल्लेला वारा

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात, एका सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, पश्चिम कड्यावर उभ्या असलेल्या पवनचक्कीचे हे प्रकरण आहे. मालकाची तक्रार अशी होती की यंत्राचा स्वतःचा वातमापक भरपूर वारा दाखवतो, पण त्या वाऱ्याला साजेशी वीज मीटरवर उतरत नाही. देखभाल करणाऱ्या कंपनीचे उत्तर तयार होते: यंत्राची उपलब्धता कराराप्रमाणे आहे, तेव्हा आमच्याकडून काही थकलेले नाही. आपल्याकडच्या करारांतली ही पळवाट मला पहिल्यापासून खटकते, कारण यंत्र सुरू असणे आणि यंत्राने वीज देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि हमी फक्त पहिलीचीच दिली जाते.

पात्यांचा पिच (पाते वाऱ्याला किती वळवून धरले आहे तो कोन), त्यांच्या कडांची झीज, वातदिशादर्शकाची जुळणी आणि मीटर यांत काही निघाले नाही. नोंदवहीत मात्र एक गोष्ट होती, ती म्हणजे यॉ ब्रेकचे, म्हणजे यंत्राचे डोके वाऱ्याच्या दिशेत धरून ठेवणाऱ्या ब्रेकचे, पॅड शेजारच्या यंत्रांपेक्षा लवकर झिजत होते. वारा खालून वर येत असेल तर वर जाणारे पाते वाऱ्यासोबत जाते आणि खाली येणारे पाते त्याला सामोरे जाते; त्यामुळे चक्राच्या डाव्या आणि उजव्या अर्ध्यावर असमान जोर पडतो आणि नॅसेल, म्हणजे मनोऱ्यावरचे ते डोके, सतत एका बाजूला वळू पाहते. तिथल्या तंत्रज्ञ मुलाला मी हे समजावू लागलो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "साहेब, वारा खालनंच येतोय की. जुलैत कड्यावर उभं राहिलं तर पाऊस हनुवटीखालनं लागतो." याच तालुक्यातला सडावाघापूरचा उलटा धबधबा पाहायला पावसाळ्यात गर्दी लोटते, आणि पाणी ज्या वाऱ्याने वर उडते तोच वारा आमच्या पात्यांना कोणत्या कोनातून भेटत असेल, हा प्रश्न यंत्राची जागा ठरवताना कागदावर कुठेही विचारलेला दिसला नाही.

कड्यालगतच्या जुन्या मोजणी मनोऱ्यावर आम्ही तिन्ही दिशांतला वेग मोजणारा ध्वनिलहरींचा वातमापक बसवला. पश्चिमेचा वारा जोरात असताना प्रवाह आडव्या पातळीशी सुमारे 15 अंशांचा कोन करत होता. पवनयंत्रांच्या रचनेचे आंतरराष्ट्रीय मानक 8 अंशांपर्यंतचा कल गृहीत धरते. त्यात, पाती मनोऱ्याला लागू नयेत म्हणून चक्राचा अक्ष आधीच 5 अंश वर कललेला असतो, म्हणजे वारा आणि अक्ष यांच्यात 20 अंशांची फारकत पडते. 20 अंशांचा कोज्या 0.94 आणि, वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलत असल्याने, त्याचा घन 0.83, ढोबळ हिशेबाने, पूर्ण क्षमतेच्या खाली चालताना 17 टक्के तूट.

इथवर सगळे सरळ होते. पण ही तूट कशाच्या तुलनेत मोजायची? वाट्यांचा वातमापक तिरका वाराही बऱ्याच अंशी पूर्ण वेगाने मोजतो, आणि त्याच्या आकड्याशी ताडून पाहिले की 17 टक्के कमी दिसतात. फक्त आडवा वेग आधाराला घेतला तर तोच हिशेब 8 टक्क्यांवर येतो. यंत्र तेच, वारा तोच, वीजही तेवढीच; फक्त मोजपट्टी बदलली. मालकाला पहिला आकडा हवा होता, कंपनीला दुसरा.

दुसरे दुखणे दिशेनुसार नोंदी वेगळ्या केल्यावर सापडले. पश्चिमेला यंत्रासमोर मोकळी दरीच आहे, तिथे दोष नुसत्या कलाचा. वारा नैर्ऋत्येकडे वळला की तो कड्याला तिरका भेटतो आणि कल कमी होतो, तरीही वीज आणखी खाली जात होती, कारण कडा वळसा घेतो आणि त्या दिशेला सुमारे 5 डी अंतरावर दुसरे यंत्र उभे आहे (डी म्हणजे चक्राचा व्यास). पुढचे यंत्र वाऱ्यातली शक्ती काढून घेते आणि मागे मंदावलेला, घुसळलेला वारा सोडते, अभियंते त्याला वेक म्हणतात, आमचा तंत्रज्ञ म्हणतो, "पुढच्यानं वारा खाल्ला." डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेतल्या येन्सन यांनी 1983 साली मांडलेले साधे सूत्र वापरले, तर समुद्रात नव्हे, जमिनीवर उभ्या यंत्रांसाठी 5 डी अंतरावर वेग जवळजवळ 18 टक्के घटतो, आणि शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलत असल्याने वीज जेमतेम 55 टक्के उरते. नेमकी रेष सोडून दहा-पंधरा अंश इकडेतिकडे झाले तरी चक्राचा काही भाग त्या सावलीतच राहतो. पवनचक्क्या ढग पळवतात असा आरोप लोक करत आले आहेत. त्या एकमेकींचा वारा पळवतात, हे मात्र गुंतवणूकदारालाही कोणी सांगत नाही.

उपाय होता. नैर्ऋत्येच्या वाऱ्यात पुढच्या यंत्राने पात्यांचा पिच थोडा बदलून भार कमी घ्यायचा, म्हणजे मागे वारा जास्त उरतो. किती फायदा होईल हे करून पाहिल्याशिवाय कळले नसते, पण करून पाहणेच शक्य झाले नाही, कारण पुढचे यंत्र दुसऱ्याच मालकाचे आहे. आपली युनिटे सोडून शेजाऱ्याला वारा द्यावा असे कोणत्याही करारात लिहिलेले नाही, आणि त्या गृहस्थांनी मला चहा पाजून तसे स्पष्ट सांगितलेही. त्यांचे काय चुकले, हे मला आजही सांगता येत नाही.

अहवालाच्या तक्त्यात कारणासाठी एकच रकाना होता. मी त्यात दोन कारणे लिहिली, ती परत आली. नैर्ऋत्य आणि पश्चिम यांच्या मधल्या पट्ट्यात, साधारण 245 ते 255 अंशांत (उत्तर शून्य धरून), कल आणि वेक दोन्ही एकाच वेळी लागू असतात. तिथे वर चढणाऱ्या प्रवाहात पुढच्या यंत्राचा वेक चक्राच्या कोणत्या उंचीवर येऊन आदळतो, हे एका मनोऱ्यावरच्या नोंदींवरून वेगळे काढता येत नाही. येन्सनचे सूत्र सपाट जमीन धरून चालते, त्यामुळे तेही तिथे उपयोगाचे नाही. लायडार (लेसरने दूरवरचा वारा मोजणारे उपकरण) मिळाला तर पुढच्या पावसाळ्यात फक्त तेवढा पट्टा मोजावा, अशी मागणी मी लेखी दिली आहे.