येळवसेचा स्वयंपाक परवाच्या रात्री सुरू होतो

मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे वेळ अमावस्या, आपल्या बोलीत येळवस. लातूर आणि धाराशिवकडे त्या दिवशी दुकानांची शटरं खाली, गावात कुत्रं दिसणार नाही आणि झाडून सगळी माणसं शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप म्हणजे खोपटं, तिच्यात पाच पांडव म्हणून मांडलेले चुना-काव लावलेले दगड, आणि पाहुण्यांना एकच ठरलेला मेनू: भज्जी, आंबील, उंडे, खीर, धपाटे. पुण्या-मुंबईला गेलेली मंडळी हा स्वयंपाक सकाळी सहाला सुरू करतात आणि मग आंबील गोड का लागते, भज्जीतला पावटा टणक का राहिला असं विचारतात. उत्तर सोपं आहे. सुरुवात दोन रात्री उशिरा झाली.

खालचं सगळं प्रमाण वीस माणसांचं आहे. फ्लॅटमधल्या पाच जणांसाठी सरळ चौथाई करा, फक्त भज्जीचं पाणी चौथाईपेक्षा थोडं जास्त ठेवा, कारण लहान भांड्यात ते लवकर आटतं.

आधी आंबील, कारण घाई तिलाच चालत नाही. अर्धा किलो ज्वारीचं पीठ घ्या, शक्यतो मालदांडीचं आणि आठवड्याच्या आत दळलेलं. दोन रात्री आधी ते एक लिटर आंबट ताकात गुठळी न ठेवता कालवायचं आणि वर फडकं बांधून ठेवायचं. उन्हाळ्यात हेच काम एका रात्रीत होतं. येळवसेच्या थंडीत पीठ बारा तासांत हलतसुद्धा नाही, त्याला जवळपास चोवीस तास लागतात. म्हणून भांडं चुलीच्या उबेला ठेवतात किंवा पोत्यात गुंडाळतात. गॅसवाल्या घरात बंद ओव्हनमध्ये किंवा गव्हाच्या डब्याशेजारी जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलं तरी चालतं. झालं की नाही हे घड्याळ बघून ठरत नाही. वर बारीक बुडबुडे दिसले आणि नाकाला आंबूस वास आला की तयार. वास कुबट असेल किंवा वर रंगीत बुरशीचा ठिपका दिसला, तर वरचं काढून खालचं वापरायच्या भानगडीत पडू नका, सगळं टाकून द्या.

आदल्या संध्याकाळी अडीच लिटर पाण्याला उकळी आणा आणि हे आंबलेलं पीठ बारीक धारेनं त्यात सोडत एका हातानं ढवळत राहा. एकदम ओतलं तर गोळे होतात आणि ते नंतर रवीनंही मोडत नाहीत. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं शिजवा. पिठाचा कच्चा वास गेला आणि अंगावर चकाकी आली की उतरवा. आता खरी कसोटी. गार होऊ द्यायचं म्हणजे पूर्ण गार, भांड्याला हात लावल्यावर थंड लागेल इतकं. कोमट असतानाच ताक ओतलं की ते फाटतं, वर पाणी आणि खाली चोथा बसतो. गार झाल्यावर दोन-अडीच लिटर ताक, लसणाच्या वीस-पंचवीस पाकळ्या, दोन इंच आलं, दोन चमचे जिरं आणि सहा-सात हिरव्या मिरच्यांचं वाटण, मीठ, कोथिंबीर. रात्रभर मडक्यात ठेवली की लसूण मुरतो. सकाळी ती दाट झालेली असते. त्यात थंड पाणी किंवा ताक घालून पिण्याइतकी पातळ करा आणि मीठ पुन्हा बघा, पातळ केल्यावर ते हमखास कमी पडतं.

मडकं नवं असेल तर एक दिवस पाण्यात बुडवून ठेवलेलं हवं, नाहीतर ते आंबील पिऊन टाकतं आणि मातीची चव सोडतं. गळ्यापर्यंत भरू नका, दोन तृतीयांश पुरे, कारण आंबण सुरूच असतं आणि वाटेत फेस येऊन सांडते. पितळी बिंदगीत, म्हणजे लहान घागरीत, न्यायची प्रथा असेल तर आतली कल्हई आधी तपासा. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबील दोन तासांत कळकते, आणि ती पोटाला बाधते. चिंच घातलेल्या भज्जीलाही हाच नियम.

आता भज्जी. काही जण तिला मिक्स भाजी म्हणतात, ते चूक आहे. मिक्स भाजीत प्रत्येक तुकडा वेगळा लागला पाहिजे, भज्जीत सगळं एकमेकांत विरघळून फक्त दाणे अखंड राहिले पाहिजेत. पिठल्याची ती थोरली बहीण आहे म्हणा. सोळा भाज्या की बत्तीस, हा वाद दर वर्षी होतो, त्याला अर्थ नाही. शेतात आणि शेजारच्या शेतात जे पिकलं ते घालायचं. फ्लॉवर, पनीर, बेबीकॉर्न आणि पावभाजी मसाला मात्र नको. मसाल्यानं ओल्या दाण्याचा वास मरतो, आणि त्या वासासाठीच तर हा खटाटोप.

काय मिळेल ते तारखेवर ठरतं. 2024 मध्ये येळवस दोनदा आली, 11 जानेवारीला आणि 30 डिसेंबरला. 2025 ची तर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातच होती. जानेवारीत आली तर हरभऱ्याचे घाटे भरलेले असतात आणि सोलाणे, म्हणजे त्यातले ओले दाणे, भरपूर मिळतात. डिसेंबरच्या मध्याला आली तर हरभरा अजून फुलात किंवा पोचट घाट्यात असतो, तेव्हा त्याचे कोवळे शेंडे खुडून भाजीत टाकायचे आणि दाण्यांची भर तुरीनं काढायची. तूर दोन्ही वेळी हाताशी असते. शेंगा विकत घेताना लक्षात ठेवा, किलोभर शेंगांतून दाणे अर्ध्याहून कमीच निघतात. लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात आदल्या दोन दिवसांत माळव्याचे, म्हणजे भाजीपाल्याचे, भाव चढतात, म्हणून शेंगा चार दिवस आधी घेऊन, न सोलता, ओलसर फडक्यात ठेवाव्यात. सोललेला दाणा लगेच सुकतो.

वीस जणांसाठी तुरीचे दाणे अर्धा किलो, सोलाणे अर्धा किलो, वाटाणा आणि पावटा पाव-पाव किलो, शेंगदाणे दीडशे ग्रॅम रात्री भिजवलेले. मेथीच्या दोन जुड्या, आंबट चुक्याची एक, पालक किंवा चाकवताची एक, कांद्याची पात दोन, लसणाची पात मूठभर. गाजर आणि वांगी पाव-पाव किलो, दहा-बारा बोरं. बेसन साडेतीनशे ग्रॅम. चिंच शंभर ग्रॅम, पण चुका असेल तर ऐंशीच घ्या. हिरव्या मिरच्या आणि लसूण शंभर-शंभर ग्रॅम, तेल पाव लिटरला जरा कमी, मीठ पंचाहत्तर ग्रॅमच्या आसपास, गूळ सुपारीएवढे दोन खडे. पाणी सगळं मिळून साडेतीन लिटर.

क्रम चुकला तर भज्जी चुकली. आंबट पाण्यात कडधान्याचा दाणा मऊ होत नाही, कितीही जाळ घाला. त्यामुळे चिंच आणि चुका दोन्ही शेवटी. पहिल्यांदा शेंगदाणे आणि पावटा दोन लिटर पाण्यात वीस मिनिटं शिजवायचे. त्यानंतर तूर, दहा मिनिटांनी सोलाणे, वाटाणा, गाजर, वांगी. बोटांच्या चिमटीत दाणा सहज दबला पाहिजे, पण साल सुटायला नको. सोडा टाकून काम लवकर उरकायचा मोह होतो. सोड्यानं दाणा फुटतो, भज्जीला साबणासारखी चव येते आणि हिरवा रंग विचित्र दिसतो. ओले दाणे मिळालेच नाहीत तर वाळलेले रात्रभर भिजवून कुकरमध्ये वेगळे शिजवून घ्या, एकत्र नाही, कारण प्रत्येकाच्या शिट्ट्या वेगळ्या.

दुसऱ्या भगुन्यात तेल तापवून जिरं, हिंग, ठेचलेला लसूण तांबूस होईपर्यंत, मग मिरचीचा ठेचा आणि हळद. लसूण काळा झाला तर ती फोडणी फेकून नवी करा, शंभर ग्रॅम लसणाचा कडूपणा चिंचेनंही झाकत नाही. त्यावर कांद्याची पात आणि चुका सोडून बाकीच्या पालेभाज्या, त्या बसल्या की शिजलेले दाणे पाण्यासकट.

बेसन थंड पाण्यात कालवायचं. गरम पाण्यात टाकलं की पिठाचा वरचा थर लगेच शिजतो, आत कोरडं पीठ अडकतं आणि गुठळी होते. अर्ध्या लिटर गार पाण्यात हातानं कालवून, बोटांना काही लागत नाही याची खात्री करून मगच सोडा. उरलेलं लिटरभर पाणी गरम करून बाजूला ठेवा, घट्टपणा बघत घालायला. इथून पुढं वीस मिनिटं उलथणं थांबायला नको. बेसन बुडाला लागायला निमित्तच शोधत असतं. चुलीवर असाल तर दोन लाकडं मागं ओढा. करपल्याचा वास आलाच तर खरवडू नका, ढवळूही नका, वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात काढा, खालचा थर सोडून द्या. बेसनाचा कच्चा वास गेला की चिरलेला चुका, चिंचेचा कोळ, गूळ, मीठ, बोरं. अजून दहा मिनिटं. उतरवताना ती पळीवरून धार धरून पडेल इतकीच पातळ हवी. शेतात पोहोचेपर्यंत ती आपोआप घट्ट होते, घरीच घट्ट केली तर कोपीजवळ तिच्या वड्या पडतील. लहान मुलांच्या ताटात बोरं वाढताना बी सांगून ठेवा.

उंड्यांत फसण्यासारखं एकच. बाजरीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो उकळत्या पाण्यानं आणावा लागतो. एक किलो पीठ, चार चमचे तीळ, मीठ, आणि साधारण पाऊण लिटर आदणाचं पाणी. आधी उलथण्यानं कालवून, दहा मिनिटं झाकून, हाताला सोसेल तेव्हा काटवटीत तळव्यानं रगडून मळा. उंडा लिंबाएवढा आणि मधे अंगठ्यानं खळगा दाबलेला. खळगा शोभेसाठी नाही, त्यानं वाफ गाभ्यापर्यंत जाते. मोठे गोल उंडे बाहेरून शिजलेले आणि आतून कच्चे राहतात. चाळणीवर फडकं टाकून वीस-पंचवीस मिनिटं वाफवा. तडकले तर पाणी कमी पडलं किंवा पिठाची विरी, म्हणजे चिकटून राहायची ताकद, गेलेली आहे. बाजरीचं पीठ दहा-बारा दिवसांत कडवट होतं, म्हणून दुकानातलं जुनं पाकीट आणण्याऐवजी गिरणीतून चारच दिवस आधी दळून आणा.

खिरीबद्दल थोडक्यात. खपली गहू सडून रात्री भिजवलेला, तो पूर्ण शिजल्यावरच गूळ. गूळ आधी पडला की गहू तिथंच थांबतो, पुढं मऊ होत नाही. अर्धा किलो गव्हाला चारशे ग्रॅम गूळ, सुंठ, वेलची, खोबरं. दूध भांड्यात ओतायचं नाही, गुळाच्या गरम खिरीत ते फाटायची भीती असते. ज्याचं त्यानं वाटीत घ्यावं. तूप मात्र हात सैल सोडून.

नेताना भज्जीचं भगुनं पोत्याच्या चुंबळीवर ठेवा, झाकण फडक्यानं बांधा, उंडे वेगळ्या पाटीत. आंबील सावलीत. पूजा झाल्यावर आधी शेताच्या चारी बाजूंनी आंबील आणि भज्जी शिंपडली जाते, तेवढं प्रमाण आधीच वेगळं काढून ठेवलं की ऐनवेळी पाहुण्यांच्या भांड्यात हात घालावा लागत नाही. त्यातली मीठ-मिरची कमी असली तरी रानाची तक्रार नसते. पाहुणे मोजून येतात हा गैरसमज सोडून द्या. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवायचं असतं, म्हणून वीस म्हटलं की पंचविसांचं करावं, आणि ते वाढवायचे ते उंडे. भज्जीत नंतर पाणी ओतून पाचजण वाढवता येतात, पण दुसऱ्या घासालाच ते कळतं.

संध्याकाळी उरलं तर भज्जी लगेच पसरट भांड्यात काढून गार करा. खोल भगुन्यात ती मधे रात्रभर कोमट राहते आणि सकाळी फसफसते. दुसऱ्या दिवशी थोडं गरम पाणी घालून, चांगली उकळी आणून, भाकरीबरोबर. उरलेल्या आंबिलीत धपाट्याचं पीठ भिजवा: ज्वारी दोन वाट्या, बेसन अर्धी, गव्हाचं अर्धी, तीळ, ओवा, तिखट, मीठ. पाणी अजिबात नको. ओल्या फडक्यावर थापा, मधे भोक पाडा, तव्यावर उलटं टाकून फडकं अलगद सोडवा. फडकं चिकटलं तर ते ओलं कमी होतं.