क्विंटलची ओळ अखेर सरळ आली

मराठी शब्द असलेला माझ्या प्रोग्रॅमचा कोड कागदावर नीट छापायचा उद्योग मी करते आहे. काल रात्री छापलेलं पान पट्टी लावून तपासलं. एककांच्या तक्त्यातला आकड्यांचा कॉलम वरपासून खालपर्यंत एका रेषेत उभा आहे. किलो, ग्रॅम, मीटर, फूट, इंच, सगळे. आणि जिने गेला महिना खाल्ला ती क्विंटलची ओळसुद्धा. सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकते.

मांडणी मागच्या नोंदीत होती तीच आहे. पिगमेंट्स हे साधन कोड रंगवून एचटीएमएल (वेबपानाचा मजकूर) देतं, त्यावर माझी पायथन स्क्रिप्ट चालते, आणि हेडलेस म्हणजे खिडकी न उघडता चालणारं क्रोम पीडीएफ काढतं. ए४ कागद, ९ पॉइंटचा मोनोस्पेस (सगळी अक्षरं एकाच रुंदीची) फाँट, डावीकडे पंचिंगसाठी २५ मिलिमीटर, उजवीकडे १२. उरलेल्या १७३ मिलिमीटरमध्ये ५.४ पॉइंटची ९० घरं (एका अक्षराची जागा म्हणजे एक घर) बसतात. त्यातली ५ ओळक्रमांकाला गेली की कोडला ८५ उरतात, त्यामुळे ८० च्या शिस्तीत लिहिलेली फाइल एकही ओळ न मोडता कागदावर उतरते.

आधी दोन छोट्या गोष्टी, कारण त्या जमल्याचा फार आनंद झाला.

पहिली ओळक्रमांकांची. पिगमेंट्सच्या टेबल प्रकारात सगळे क्रमांक एका वेगळ्या खणात जातात, आणि एखादी लांब ओळ मोडली की तिच्याखालचे सगळे क्रमांक एकेक ओळ वर सरकलेले दिसतात. मी इनलाइन प्रकारावर (क्रमांक त्या-त्या ओळीतच) आले, प्रत्येक ओळीला ५ घरांचं पॅडिंग दिलं आणि तेवढाच उलटा इंडेंट. आता मोडलेल्या ओळीचा उरलेला भाग क्रमांकाखाली न घुसता कोडच्या रेषेतच सुरू होतो. दोन नियमांचं काम, पण पान एकदम वाचनीय झालं.

दुसरी ओळींच्या उंचीची. मराठी टिप्पणी (कोड समजावणारी नोंद) असलेली प्रत्येक ओळ इतर ओळींपेक्षा केसभर उंच येत होती. एका ओळीत ते कळतही नाही, पण ६० ओळींच्या पानावर शेवटची ओळ पुढच्या पानावर ढकलली जायची. देवनागरीसाठी मी वेगळा स्पॅन (ओळीतला वेगळा तुकडा) करून फाँटचा आकार थोडा कमी ठेवला होता. लाइन-हाइट (ओळीची उंची) दोन्हीकडे एकच असली तरी दोन फाँटांची बेसलाइनभोवतीची (अक्षरं ज्या रेषेवर टेकतात तिच्याभोवतीची) वाटणी वेगळी पडते, आणि ओळीचा डबा दोघांना सामावून घ्यायला फुगतो. त्या स्पॅनची लाइन-हाइट शून्य केली आणि फुगणं थांबलं. ओळींमधलं अंतर मात्र ११ वरून १२.५ पॉइंट करावं लागलं. त्याखाली गेलं की वरच्या ओळीतला दीर्घ उकार खालच्या ओळीतल्या रफाराला टेकतो. पानावर ६८ च्या ठिकाणी ६० ओळी बसतात, आणि मला ते मान्य आहे.

आता क्विंटल.

माझ्या एकक-रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये एक लांब तक्ता आहे. प्रत्येक ओळीत अवतरणचिन्हांत एककाचं मराठी नाव, स्वल्पविराम, मग स्पेस भरून एका रेषेत आणलेला गुणक. एडिटरमध्ये सगळं सरळ दिसतं. कागदावर मात्र गुणकांचा कॉलम वाकडातिकडा यायचा. किलोचा आकडा मिलिमीटरभर डावीकडे, फूटचा थोडा उजवीकडे, इंचचा भलतीकडेच.

कारण सोपं आहे. एडिटर घरं मोजतो, कागदावर फाँटची खरी रुंदी उतरते. देवनागरी फाँट सहसा मोनोस्पेस नसतो. फ हे अक्षर ट पेक्षा चांगलंच रुंद, आणि काना म्हणजे नुसती एक उभी रेघ. एडिटर प्रत्येकाला आपल्या चौकटीत बसवून घेतो. छापताना ती चौकट नसते.

मग मी ठरवलं की एडिटर जितकी घरं मोजतो तितकीच मोजायची आणि देवनागरी तुकड्याला तेवढ्या रुंदीच्या इनलाइन-ब्लॉकमध्ये, म्हणजे ओळीतल्याच ठरावीक रुंदीच्या डब्यात, ठेवायचं. वाटलं, एका संध्याकाळचं काम आहे. पण घरं मोजायची कशी? क्विंटल हाच शब्द घ्या. क, हलन्त, व, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, ट, ल. युनिकोडचे ७ कोड पॉइंट (प्रत्येक चिन्हाचा एक क्रमांक), ते साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत २१ बाइट. टर्मिनलच्या (आज्ञा टाइप करायच्या खिडकीच्या) जुन्या हिशेबात हलन्त आणि अनुस्वार शून्य घरांचे, पण वेलांटी जागा व्यापणाऱ्या चिन्हांत मोडते म्हणून तिला १ घर, एकूण ५. ग्राफीम क्लस्टर, म्हणजे वाचणाऱ्याला एकच अक्षर वाटणारे गट, मोजले तर जुन्या नियमाने ४, कारण तिथे हलन्तानंतर तुकडा पडतो. २०२३ च्या युनिकोड १५.१ ने देवनागरीतली जोडाक्षरं एकत्र ठेवणारा नियम आणला, त्याप्रमाणे क्विं, ट, ल असे ३. एकाच शब्दाला ३, ४, ५, ७ आणि २१ अशी पाच उत्तरं, आणि प्रत्येक उत्तर कुठल्या ना कुठल्या साधनात खरं धरलं जातं.

(बाइट मोजून ओळी मोडणारी साधनं देवनागरी फाइलला लावू नका, हे यासाठीच सांगते. ८० बाइटांत २६ अक्षरं बसतात आणि सत्ताविसावं मधोमध चिरलं जातं.)

माझा एडिटर ५ घरं धरतो, म्हणून मीही ५ धरली. डबे केले, छापलं. किलो, मीटर सुधारले. फूट आणि इंच बिघडले. इंचला हिशेबाने २ घरं म्हणजे १०.८ पॉइंट मिळतात, पण शब्दाची खरी रुंदी त्याहून जास्त, त्यामुळे च ची उभी रेघ पुढच्या अवतरणचिन्हावर चढली. ओव्हरफ्लो हिडन (डब्याबाहेरचं लपवा) लावून पाहिलं तर सगळे मराठी शब्द ओळीतून वर उडाले. तसं केल्यावर इनलाइन-ब्लॉकची बेसलाइन अक्षरांच्या पायाशी न राहता डब्याच्या तळाशी जाते, हा नियमच आहे. मला तो दोन रात्री घालवल्यावर सापडला.

त्यातून निघालेली कल्पना अजूनही आवडते. डब्यात फक्त शब्द कशाला? शब्द, त्यामागचं अवतरणचिन्ह, स्वल्पविराम आणि भरीच्या स्पेस, सगळं एका डब्यात घातलं. शब्द दोन पॉइंट जास्त रुंद झाला तर तो स्पेसमध्ये पसरतो, कोणावर चढत नाही, आणि आकडा आपल्या जागी सुरू होतो. नियम साधा ठेवला: देवनागरी तुकड्यानंतर दोन किंवा जास्त स्पेस आल्या तर ती भर समजायची आणि डबा करायचा, एकच स्पेस असेल तर तो नेहमीचा मजकूर. टिप्पण्यांमधली वाक्यं त्यामुळे मोकळी राहतात आणि गरज पडेल तिथे मोडतात.

छापलं. सगळ्या ओळी सरळ. फक्त क्विंटल बाहेर.

कारण समजायला मला पान बराच वेळ न्याहाळावं लागलं. कॉलमची रुंदी ठरते सर्वांत लांब शब्दावरून, आणि सर्वांत लांब शब्दामागे भर नसतेच, एकच स्पेस असते. म्हणजे माझा नियम प्रत्येक तक्त्यातली नेमकी एक ओळ सोडून देणार, आणि ती दर वेळी सर्वांत लांब शब्दाची असणार. मग शेजारच्या ओळी पाहायचं ठरवलं. वरच्या-खालच्या ओळीतला डबा ज्या घरावर संपतो तिथेच ही एकटी स्पेस येत असेल, तर तिलाही भर धरायचं. हे चाललं. दोन दिवस मी खूश होते.

तिसऱ्या दिवशी प्रकल्पात माझ्याबरोबर काम करणाऱ्या मैत्रिणीने तक्त्यात सहा ओळी घातल्या. तिचा एडिटर क्लस्टर मोजतो. तिच्या पडद्यावर सरळ असलेल्या ओळी माझ्या हिशेबाने वाकड्या, आणि डबे वेगवेगळ्या घरांवर संपायला लागले. छापलेलं पान पहिल्या दिवसापेक्षा वाईट होतं. त्या रात्री मी स्क्रिप्टमध्ये एडिटर निवडायचा पर्याय घालायला बसले, अर्धा लिहिला आणि थांबले. एकाच फाइलमध्ये दोन हिशेब असतील तर कुठला पर्याय निवडणार?

तिथून सगळं उलटं फिरलं. मी महिनाभर घरं बरोबर मोजायच्या मागे होते, आणि कागदाला घरं लागतच नाहीत. कागदाला एवढंच कळायला हवं की या सलग ओळी मिळून एक तक्ता आहे आणि प्रत्येक ओळीचा दुसरा खण एका रेषेत हवा. गो भाषेचा कोड नीट लावणाऱ्या गोफमटच्या आत टॅबरायटर नावाचा भाग हेच करतो: सलग ओळींतले खण घ्यायचे, सर्वांत रुंद खण शोधायचा, बाकीचे तेवढे करायचे. मजकुराप्रमाणे ताणल्या जाणाऱ्या इलॅस्टिक टॅबस्टॉपचाही गाभा हाच. फरक इतकाच की रुंदी घरांत मोजायच्याऐवजी मी ती फाँट जुळवणाऱ्या इंजिनलाच विचारते. ते क्रोममध्ये आधीपासून आहे. क्विं किती रुंद आहे हे हार्फबझ या त्या इंजिनला नेमकं ठाऊक असतं, मी अंदाज कशाला बांधू?

आता स्क्रिप्ट स्पेसची संख्या पाहत नाही, टोकन म्हणजे कोडचे सुटे घटक पाहते. सलग ओळींत टोकनांचा क्रम सारखाच असेल (कंस, स्ट्रिंग म्हणजे अवतरणचिन्हांतला मजकूर, स्वल्पविराम, आकडा) आणि निदान एका ओळीत स्वल्पविरामानंतर दोन स्पेस असतील, तर तो तक्ता. भरीच्या स्पेस काढून टाकायच्या, खण वेगळे करायचे, पानातली जावास्क्रिप्ट प्रत्येक खणाची रुंदी मोजते आणि सर्वांत मोठी रुंदी सगळ्यांना देते, वर दोन घरांची मोकळी जागा. क्विंटल आता इतरांसारखाच एक खण आहे. मैत्रिणीच्या ओळीही आपोआप जागेवर आल्या.

हे करणाऱ्यांसाठी दोन खड्डे दाखवून ठेवते. मोजमाप फाँट येऊन पोचायच्या आधी झालं तर ते भलत्याच फाँटचं असतं, म्हणून डॉक्युमेंट-फाँट्स-रेडीची वाट पाहूनच मोजा. आणि ऑफसेट-विड्थ वापरू नका, ती पूर्णांकात देते. गेट-बाउंडिंग-क्लायंट-रेक्ट अपूर्णांक देते. तो अर्धा पिक्सेल पडद्यावर दिसत नाही, कागदावर पट्टी लावली की दिसतो.

कोड छापायच्या इतर साधनांबद्दल, कारण मागच्या वेळी विचारणा झाली होती. एनस्क्रिप्ट मी अजूनही शुद्ध इंग्रजी फाइलींना वापरते, झटपट आणि नीटस. पण त्याला यूटीएफ-८ येत नाही, तिथे विषय संपतो. ईमॅक्स एडिटरच्या पीएस-प्रिंटला इतर लिपींसाठी ठिपक्यांचे बीडीएफ फाँट लागतात, त्यात जोडाक्षरांची आशा धरू नका. पॅप्स पँगोवर (अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीवर) चालतं म्हणून मराठी सुंदर जुळवतं, आणि नुसता मजकूर छापायचा तर मी तेच सुचवेन. तक्त्यांचं काम मात्र त्यात मला असं करता आलं नसतं.

छापण्यासाठी फाइलची वेगळी फॉरमॅट केलेली प्रत काढायची कल्पना मी कायमची सोडली. फॉरमॅटर ओळी मोडतो, ओळक्रमांक बदलतात, आणि कागदावर १४२ व्या ओळीपाशी पेन्सिलीने केलेली खूण फाइलमध्ये शोधता येत नाही. कागद आणि फाइल यांचे क्रमांक जुळले नाहीत तर छापण्यात अर्थ नाही. फॉरमॅट करायचं तर मूळ फाइल करा, कमिट करा (बदल इतिहासात नोंदवा), मग छापा.

टिप्पण्यांचा करडा रंगही गेला. लेझर प्रिंटर करडा रंग ठिपक्यांनी भरतो आणि ९ पॉइंटच्या अक्षरांच्या कडा फाटतात. आता इंग्रजी टिप्पण्या काळ्या तिरप्या, मराठी काळ्या सरळ. देवनागरीला यंत्राने तिरपं केलं की शिरोरेषेवरून अक्षरं घसरल्यासारखी दिसतात, मला ते बघवत नाही. कीवर्ड ठळक, पण देवनागरी ठळक नाही, कारण एवढ्या बारीक आकारात ष ची पोटं भरून जातात.

पुढे पानतोडीवर काम करायचं ठरलं होतं, फंक्शन दोन पानांत फुटू नये म्हणून. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की ओळीच्या शेवटच्या टिप्पण्यासुद्धा एक कॉलमच आहेत. कोड हा पहिला खण, टिप्पणी दुसरा. सलग ओळींत टिप्पणी असेल तर हाच मोजणारा तुकडा तिथे लावता येईल, फक्त टोकनांचा क्रम सारखा असण्याची अट काढावी लागेल. एका अतिलांब ओळीमुळे सगळ्या टिप्पण्या उजव्या समासाला जाऊन चिकटतील, म्हणून त्या ओळीला गटातून वगळायचा नियम हवा. किती लांब म्हणजे अतिलांब, हे काही पानं छापून बघते. पानतोड त्यानंतर.

तक्ता दोन पानांत फुटला तर रुंदी बदलते का, हे आत्ताच तपासलं. बदलत नाही. मोजमाप पानं पडायच्या आधी होतं, त्यामुळे दोन्ही पानांवर गुणक डाव्या कडेपासून त्याच अंतरावर आहेत. पाच पानांचा लांब तक्ता प्रिंटरला लावलाय, तिसरं पान आत्ता बाहेर येतंय.