चौकात पुतळा कशाला?

"पुतळ्यांनी कुणाचं पोट भरतं का? त्या पैशात दवाखाना झाला असता." मी कोल्हापूरचा, आणि चौकातल्या शिल्पांविषयी भरभरून बोलतो, म्हणून हा प्रश्न मला नेहमी येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

दवाखाना हवाच. पण भर चौकात मान कुणाला द्यायचा, हे गावानं ठरवणंही लहान गोष्ट नाही. आजच्या शिवाजी चौकात पूर्वी मुंबईचा गव्हर्नर विल्सन याचा पुतळा होता. १९४२ च्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे यांनी तो विद्रूप केला. १९४५ मध्ये त्याच जागी शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा आला. तो घडवला बाबूराव पेंटरांनी, सिनेमामुळे सगळ्यांना ठाऊक असलेले तेच. त्या दोघींची नावं मात्र किती जणांना ठाऊक आहेत? कोल्हापूरच्या पोरांना ती तोंडपाठ असायला हवीत.

मग बिंदू चौक. भाई माधवराव बागल स्वतः चित्रकार होते. त्यांच्या पुढाकारानं ९ डिसेंबर १९५० रोजी तिथे महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे बसले. बाबासाहेबांचा पुतळा बाळ चव्हाणांनी घडवला. बाबासाहेब तेव्हा हयात होते. संविधान लागू होऊन वर्षही झालं नव्हतं. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवलं, त्याचा माणूस शहराच्या मध्यभागी, जुन्या तटबंदीजवळ, सगळ्यांच्या वाटेवर आला. हे काम भाषणानं झालं नसतं.

आजही कोल्हापुरात कुणाला जाहीर आव्हान द्यायचं तर "बिंदू चौकात या" असंच म्हणतात. सभा तिथे, निदर्शनं तिथे. पुतळे आकारानं मोठे नाहीत, पण त्यांच्यासमोर माणसं जमतात. नुसत्या उंचीचा हिशेब सांगणाऱ्या नव्या पुतळ्यांविषयी म्हणूनच मला आस्था वाटत नाही. तिथे तुमचा दवाखान्याचा सवाल मला पटतो.

नवा पुतळा बसवताना आपल्याकडे त्याचं मातीचं मॉडेल कला संचालनालयाकडून मंजूर करून घ्यावं लागतं. माझं म्हणणं एवढंच, की त्याआधी ते मॉडेल आठवडाभर त्याच चौकात ठेवावं. भाजीवाल्या, रिक्षावाले, शाळेची पोरं बघतील, नाक-डोळ्यांवरून वाद घालतील, आणि शिल्पकारानं तिथे उभं राहून ते ऐकावं.