एका इंचात आठ टाके

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिही, असा निरोप आला तेव्हाच वाटलं, गॅदरिंग आणि सहलींवर बाकीचे लिहितीलच. मी नानांच्या हाफ स्वेटरवर लिहिते.

१९८५ साली मी नववीत होते. कार्यानुभवाच्या तासाला मुलं मागच्या बागेत वाफे करायची आणि आम्ही मुली विणकामाला. (मला वाफेच आवडले असते, पण विचारतं कोण!) दिवाळीनंतर बाईंनी फर्मान काढलं, घरातल्या कुणासाठी तरी अंगाबरोबर बसणारा बिनबाह्यांचा स्वेटर विणायचा. मी नानांचं नाव सांगितलं. निफाडच्या थंडीचं आपल्या शाळेतल्यांना वेगळं सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा उतरला की अजून पेपरात बातमी येते. आमची थॉमसन द्राक्षांची बाग मांडवावरची, म्हणजे दिवसभर हात वर करून काम. बाह्या असल्या की तारेत अडकणार, आणि स्वेटर ढगळ असला की हात वर करताच सगळा काखेत गोळा होणार.

सुया आणि लोकर आली. लोकर कसली, केशमिलॉनचा कृत्रिम धागा. पण आम्ही लोकरच म्हणायचो. धाकट्या भावाच्या दोन्ही हातांत लडी अडकवून गुंडे केले. बाईंनी फळ्यावर हिशेब मांडला होता: आधी चार इंचांचा चौकोनी नमुना विणा, एका इंचात किती टाके बसतात ते मोजा, मग छातीच्या मापाने गुणा. त्या दिवशी मी शाळेत नव्हते. दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या वहीतून नुसतं उत्तर उतरवलं. तिच्या वडिलांची छाती ३४, नानांचीही ३४. दोन इंच सैल धरून ३६, त्याचं निम्मं १८, इंचाला सात टाके, म्हणून १२६. १२ नंबरच्या सुयांवर एक सुलट एक उलट अशी अडीच इंच बॉर्डर, पुढे १० नंबरवर एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट, एक सुई उलट. किती सोपं!

पहिल्याच आठवड्यात एक टाका सुटून पार बॉर्डरपर्यंत शिडी पडली होती. बाईंनी क्रोशाच्या सुईने ती एकेक पायरी उचलून दिली. त्या धसक्याने मी धागा करंगळीला दोन वेढे देऊन विणायला लागले. टाके असे आवळलेले की सुई पुढे सरकताना चुंई करायची.

महिन्याभराने पाठ-पोट जोडून स्वेटर नानांपुढे धरला. डोकं गेलं. मग दोन्ही हात वर आणि स्वेटर छातीवर अडकलेला, ना वर ना खाली. आई एका बाजूने ओढतेय, मी दुसऱ्या बाजूने, आणि आतून नानांचा आवाज, "अगं, श्वास तरी घेऊ दे!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी तो बाकावर पसरला, लाकडी फूटपट्टी ठेवली आणि टाचणीच्या टोकाने मोजलं. इंचात आठ. म्हणजे १२६ टाक्यांचे अठराऐवजी पावणेसोळा इंच. पाठ-पोट मिळून साडेचार इंचांचा फटका. मी रडवेली होऊन म्हटलं, आता सैल हाताने विणते. बाई म्हणाल्या, "हात घट्ट आहे तुझा, तो असाच राहणार. हात बदलू नकोस, सुई बदल." आणि स्वतःच्या पिशवीतून ९ नंबरच्या सुया काढून दिल्या. (नंबर कमी, तशी सुई जाड.)

उसवलेला धागा शेवयांसारखा कुरळा होतो. तो लडी करून भिजवला, खुंटीला टांगला आणि खाली तांब्या लोंबकळत ठेवला. या वेळी नमुना विणला. इंचात साडेसात. अठरा गुणिले साडेसात करत १३५, जोडीत बसावेत म्हणून १३६. मुंढ्यासाठी दोन्ही बाजूंना सात-सात टाके बंद, मग दर सुलट सुईला दोन्ही टोकांना एकेक जोडटाका (दोन टाक्यांचा एक), असं आठ वेळा. राहिले १०६. काखेतली ती कोरीव गोलाई होती म्हणून तर नानांचा हात वर गेला तरी स्वेटर कमरेवरून हलला नाही.

तोवर माझी प्रात्यक्षिक परीक्षा झाली होती. मार्क बेताचेच पडले. स्वेटर मात्र नानांनी घातला. बागेत पहाटे शेकोट्या पेटवायला जायचे तेव्हा अंगात तोच. एकदा ठिणगी उडून पोटाशी वितळल्यासारखं कडक, काळं भोक पडलं. मी रफू केलं, रंग जुळला नाही.

बाईंच्या सुया परत करायच्या राहून गेल्या. माझ्याकडेच आहेत. एक जराशी वाकली आहे.