पाणी मुरतंय कुठे?

आमचा गळका कॅम्पर ज्यांच्याकडे दुरुस्तीला दिला, त्या दुकानाचं नाव घेत नाही. पण त्यांनी फासलेलं सिलिकॉन खरवडताना मी जे काही बोललो, ते शेजारच्या गोऱ्या आजोबांना कळत नव्हतं हे बरंच झालं.

आमचा ट्रक कॅम्पर 1997 सालचा. पिकअपच्या हौद्यात बसवायची खोलीच म्हणा, झोपायची जागा ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेली. आम्ही अमेरिकेत पोर्टलंडला राहतो, म्हणजे ऑक्टोबर ते मे आभाळ गळकंच. दुसऱ्या हिवाळ्यात गादीची डावी कड ओली लागली. खालचं पातळ प्लाय दाबून पाहिलं तर अंगठा आत गेला. दुकानात नेला. त्यांनी 5 आठवडे ठेवून घेतला आणि 'सील केलंय' म्हणून परत दिला. पहिल्याच पावसात गादी पुन्हा ओली.

मग म्हटलं, आपणच उघडू. कुजलेलं काढणं सोपं होतं. आतल्या लाकडी पट्ट्या भिजवलेल्या पोह्यांसारख्या हातात आल्या, पटाशी लागलीच नाही. (मास्क लावा, काळी बुरशी होती.) नव्या पट्ट्या बसवायला दोन शनिवार-रविवार पुरले. जुने तुकडे नवीन बसेपर्यंत टाकू नका, त्यांच्यावरूनच माप घेता येतं. मी टाकले होते.

अडलं ते पुढेच. पाणी येतं कुठून? आतलं प्लाय मुद्दाम लावलं नव्हतं. मी शिडीवर होज घेऊन, बायको आत टॉर्च घेऊन. डाव्या कोपऱ्यावर अर्धा तास पाणी मारलं. "काही नाही रे, कोरडं आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कोपरा ओला. असे तीन शनिवार गेले. गुहागरच्या घरी मे महिन्यात बाबा कौलं चाळायचे, तेव्हा आतून उजेडाची तिरीप दिसली की फुटकं कौल सापडायचं. इथे वर रबराचं छप्पर, कडेला अॅल्युमिनियमचा पत्रा, आणि सगळ्या सांध्यांवर त्या दुकानाचं सिलिकॉन. तिरीप दिसणार कुठून?

शेवटी पानं उडवायचा ब्लोअर कामी आला. छपरावरच्या झडपेत पुठ्ठा आणि टेपने तो बसवला, खिडक्या लावून घेतल्या, सिंकच्या नळ्यांना बोळे कोंबले आणि अगदी हळू हवा आत सोडली. जोरात नको, सांधेच उसवतील. मग बाहेरून साबणाचं पाणी फवारत फिरलो. कोपऱ्यावर काही नाही. समोर वर ओळीने पाच छोटे पिवळे दिवे असतात, त्यातल्या मधल्या दिव्याखाली मात्र बारीक बारीक बुडबुडे आले, उतू जाणाऱ्या दुधाच्या कडेला येतात तसे. बायकोला ओरडून बोलावलं.

दिव्याच्या वायरच्या भोकातून पाणी शिरत होतं आणि आतल्या आडव्या पट्टीवरून वाहत डाव्या कोपऱ्यात साचत होतं, कारण आमचा ड्राइव्हवे डावीकडे उतरता आहे. दुकानाने ओल दिसली तिथे सिलिकॉन फासलं होतं आणि दिव्यांना हातही लावला नव्हता.

आता ते सिलिकॉन. त्यावर दुसरं काही चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही. म्हणजे सगळं खरवडायचं, प्लॅस्टिकच्या पात्याने, कारण लोखंडी पात्याने रबर फाटतं. रॉकेलसारखं काही लावू नका, रबर फुगतं. कोपऱ्यांच्या पट्ट्या काढल्या, गंजके स्क्रू फेकले, खाली ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) घातली, स्टेनलेसचे स्क्रू हलक्या हाताने पिळले. टेप दोन दिवस बाहेर येत राहते, मग पुन्हा थोडं पिळायचं. छपरावरच्या सांध्यांवर लॅप सीलंट, म्हणजे सांधे बुजवायचा खास लेप. दिवे पाचही नवीन.

ओल मोजायचा टोचणीवाला मीटर आधीच घ्यायला हवा होता. त्याची किंमत दुकानाच्या बिलापुढे किरकोळ. लाकूड 20 टक्क्यांच्या खाली येईपर्यंत प्लाय बंद करायचं नाही. आमचं 12 वर यायला पंखा लावूनही तीन आठवडे गेले. नोव्हेंबरचा पाऊस होऊन गेला, मीटर अजून 12 च दाखवतो. मी रोज टोचतो, बायको हसते.

एक राहिलंच. कॅम्पर ट्रकवरून उतरवला की तो चार कोपऱ्यांच्या जॅकवर उभा असतो, आणि कोपराच कुजला असेल तर जॅकचे स्क्रू भुशात अडकलेले असतात. आत शिरण्याआधी तळाखाली लाकडी ठोकळे रचा. मला हे आजोबांनी सांगितलं, मी आत आडवा पडून खरवडत असताना.